पाच अँपिअरमधलं दुसरं कार्ड

वज्दीच्या घरात इस्त्री लावायची तर आधी आरोळी ठोकावी लागे. "इस्त्री लावतेय!" असं त्याची बायको रुदैना आतून ओरडे. मग वज्दी बाहेरच्या खोलीतून "थांब थांब, कॉम्प्युटर बंद करू दे" म्हणून ओरडे, आणि दोघांचं ओरडून झालं की शर्टाची एक बाही सरळ होई. सैदा शहरातल्या त्या सहा मजली इमारतीत सगळ्यांचीच ही तऱ्हा होती. सरकारी वीज अर्धा दिवस यायची. उरलेला अर्धा दिवस गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अबू नसरीच्या जनरेटरवर काढायचा. अबू नसरी घरटी मोजून पाच अँपिअर द्यायचा. त्याच्या वर एखादी किटली जरी चढली तरी तळमजल्यावरच्या पेटीतला त्या घराचा ब्रेकर टक्कन पडे, आणि नवराबायको एकमेकांकडे संशयाने बघू लागत.

ही पेटी तौफीकच्या दाराला खेटून होती. तौफीक म्हणजे वज्दीचे वडील, शेजाऱ्यांच्या तोंडी 'अबू वज्दी'. वय अडुसष्ट, बायको वारल्यापासून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. कुणाचाही ब्रेकर पडला की तेच पेटी उघडून तो वर ढकलत आणि जिन्यात तोंड घालून विचारत, "इस्त्री का केस वाळवायचं यंत्र?" अख्ख्या इमारतीची गुपितं त्यांना त्या पेटीतून कळत. चौथ्या मजल्यावरच्या जोडप्यात बिनसलंय हे सगळ्यात आधी त्यांनीच ओळखलं होतं, कारण त्यांचा ब्रेकर रोज दुपारी एकाच वेळी पडे. ती वॉशिंग मशीन लावायची आणि तो मुद्दाम हीटर.

पण पेटी सांभाळणं हा काही तौफीकचा धंदा नव्हे. बत्तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. सैद्याच्या बागांतली संत्री भरायची, सीरिया आणि जॉर्डन ओलांडून वाळवंटातून कुवेत गाठायचं, आणि पंधरा दिवसांनी परत. इतक्या वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. परत आले की गल्लीच्या कोपऱ्यावरच हॉर्न देत, दोन आखूड आणि एक लांब. तो ऐकला की वज्दीची आई हातातलं काम टाकून भात चढवी. लहानपणी वज्दीला वाटायचं, जगात सगळ्यांच्याच घरी भात असा हॉर्न वाजल्यावर शिजतो.

गेल्या वर्षी जॉर्डनची सीमा बंद झाली, मालकाने ट्रक विकून टाकला, आणि तौफीक पेटीशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बसले म्हणजे बसलेच. दाढी आधी एका दिवसाआड झाली, मग आठवड्याने. आपल्या चष्म्याच्या दुकानात जाता-येता वज्दी त्यांचा सल्ला घ्यावा म्हणून काहीबाही विचारी, तर ते म्हणत, "तुमचं तुम्ही बघा." ज्या माणसाने कधी कुणाचं कुणाला बघू दिलं नाही, त्याच्या तोंडी हे ऐकून वज्दी पुढचं विचारणंच सोडून देई.

मग एक गंमत झाली. वज्दीला कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा नाद होता. छत्तीस वर्षांचा बाप्या, दुकान बंद करून घरी आला की टेबलाला स्टीअरिंग घट्ट लावायचा, पायाखाली क्लच-ब्रेक ठेवायचा आणि पोलंडमधून चीज भरून पोर्तुगालला निघायचा. एका संध्याकाळी ब्रेकर तिसऱ्यांदा पडला म्हणून तौफीक तरातरा भांडायला वर आले, आणि दारातच थबकले.

"आरसा कोण बघणार? तुझा मामा?"

वज्दी दचकून आरशात बघायला गेला आणि दुभाजकावर चढला.

"उतर खाली. हळू. आता क्लच. अरे क्लच म्हणतोय, झुरळ नाही मारायचं!" तौफीकनी खुर्ची ओढून घेतली. "काय भरलंय मागे?"

"चीज."

"एवढ्या लांब चीज न्यायचं? तिकडच्या गाई मेल्या का सगळ्या?"

त्या दिवसापासून संध्याकाळी सहाला सरकारी वीज आली आणि लिफ्ट चालू झाली की तौफीक दाढी करून वर हजर. वज्दी चालवायचा आणि ते शेजारी बसून शिव्या घालायचे. बाजूचे आरसे नीट दिसत नाहीत अशी तक्रार त्यांनी केली तेव्हा वज्दीने आणखी दोन जुने पडदे, म्हणजे कॉम्प्युटरचे स्क्रीन, आणून तीन पडद्यांचा थाट मांडला. मधे रस्ता, डावी-उजवीकडे आरसे. रुदैना म्हणाली, "लग्नात मला एक आरसा मिळाला होता," पण तीही खूश होती. अम्मो, म्हणजे काका (सासऱ्यांना ती हेच म्हणे), पुन्हा भांडू लागले होते.

एका शुक्रवारी रुदैनाचा भाऊ खलदून जेवायला आला होता. कलिंगड खाता खाता त्याने हट्टच धरला, "अम्मो, आता तुम्ही चालवून दाखवा. खरा ड्रायव्हर कसा असतो ते बघू दे." तौफीक नाही-नाही म्हणत स्टीअरिंगसमोर बसले. ते स्टीअरिंग खेळण्यासारखं हलकं, पायाखाली वजन नाही, अंगाखाली इंजिनाची थरथर नाही. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी टोलनाक्याचा खांब उडवला. खलदून असा हसला की कलिंगडाच्या बिया त्याच्या नाकातून यायच्या बाकी राहिल्या. तौफीकही हसले, उठले, स्टीअरिंग परत दिलं. "हे तुम्हा पोरांचं काम," म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर ते येत राहिले. मग एक दिवसाआड. मग येईनासेच झाले, आणि दाढी पुन्हा वाढू लागली.

"बाबा, आज येणार ना?"

"तुझ्या रस्त्याला उचकी लागलीय रे. सारखा अडखळतो. मला गरगरतं."

वज्दी पडला चष्मेवाला. त्याने वडिलांना दुकानात नेऊन डोळे तपासले. तौफीकनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, आणि त्याखाली छापखान्याचं बारीक नाव होतं तेही वाचलं. म्हणजे डोळ्यांत खोट नव्हती. खोट चित्रातच असणार. आणि ते खरंही होतं. एका पडद्यासाठी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड तीन पडद्यांचं ओझं ओढताना धापा टाकायचं, वळणावर चित्र अडकायचं, मग एकदम उडी मारून पुढे जायचं. वज्दीने मनाशी ठरवलं की हे सुधारलं तर बाबा परत येतील. नाही सुधारलं तर ती प्लास्टिकची खुर्ची त्यांना गिळून टाकेल. त्याला दुसरं कार्ड हवं होतं, अगदी पहिल्यासारखंच, पहिल्याच्या जोडीला.

बाजारात झुहैरचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. झुहैरने सगळं ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं.

"दुसरं कार्ड लावलं की वेग दुप्पट, असं वाटतं का तुला? गाड्याला दोन खेचरं जुंपली म्हणून गाडा दुप्पट पळत नाही. अर्धा वेळ ती एकमेकांना लाथा घालण्यात घालवतात."

"पण थोडा तरी वाढेल ना?"

"खेळावर आहे. काही खेळांना दुसरं कार्ड दिसतच नाही. तुझ्या ट्रकला दिसतं म्हणे. उष्णता वाढेल, आवाज वाढेल, वीज तर विचारूच नकोस." मग त्याने खालच्या खणातून फडक्यात गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. "तुझ्या कार्डाच्या जातीचं एवढं एकच आहे. एका पोराने परदेशी जाताना विकलं. तीन लाख लिरा. तू आपला माणूस आहेस, रविवारी लावून बघ. नाही पटलं तर सोमवारी आणून दे, एक शब्द बोलणार नाही."

घरी रुदैनाने कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला भावनेच्या आधी बेरीज सुचे.

"अँपिअर मोजलेस?"

"मोजले. कॉम्प्युटर आणि पडदे मिळून साडेतीन. फ्रीज एक. दिवे अर्धा."

"झाले पाच. आणि फ्रीज दचकून सुरू होतो तेव्हा?"

"तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखायचा."

"वज्दी, खरं सांग. हे तुला हवंय की अम्मोंना?"

"बाबांना," वज्दी म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मलाही. पण बाबांना जास्त." तिने कार्ड त्याच्या हातात परत दिलं, म्हणजे परवानगी मिळाली.

रविवारी दुपारी दोनला, लिफ्ट चालू असताना, तौफीकना जवळजवळ ओढूनच वर आणलं. वज्दीने दोन्ही कार्डं शेजारीशेजारी बसवली होती. रुदैना जमिनीवर फतकल मारून बसली होती, मांडीवर परात, आणि लांब कोरणीने कोसे, म्हणजे काकडीएवढे कोवळे भोपळे, पोखरत होती. रात्री त्यांत तांदूळ-खिमा भरायचा होता. खेळ सुरू झाला आणि वज्दीला स्वतःचाच हेवा वाटला. रस्ता असा सुळकन सरकत होता की बस्स. वळणं, पूल, बोगदे, कुठे अडखळणं नाही. आरशात मागची गाडी येताना दिसे ती खरीखुरी येताना दिसे.

"काय बाबा? उचकी गेली की नाही?"

"गेली," तौफीक म्हणाले. पण शिवी एकही घातली नाही, आणि वज्दीला ते खटकलं.

बरोबर तीनला सरकारी वीज गेली. जनरेटर घरघरला, दिवे आले, वज्दीने पुन्हा गाडी काढली, आणि आतून फ्रीजने कण्हत सुरुवात केली. टक्क. सगळं काळं. तौफीक सवयीने ब्रेकर चढवायला उठले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तर तिसऱ्या मजल्यावर आहोत.

वज्दी धावत खाली गेला, ब्रेकर ढकलला, धापा टाकत वर आला. सहा मिनिटांनी पुन्हा टक्क. पुन्हा खाली. दुसऱ्यांदा वर येईपर्यंत त्याचा चेहरा टोमॅटो झाला होता आणि तौफीकच्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी चमक आली होती.

"फ्रीज तुझ्या वाट्यातून काढ," ते म्हणाले. "माझे पाच अँपिअर खाली नुसते झोपा काढतायत. वायर आहे ना लांब? बाल्कनीतून वर घेऊ."

बाल्कनीत भाजीवाल्यासाठी दोरीची टोपली टांगलेली असे. तौफीकनी ती सोडवून घेतली आणि हुकूम सुटू लागले. वज्दी खाली गेला, वडिलांच्या घरातून वायर काढली, टोक टोपलीत ठेवलं. वरून तौफीक दोरी खेचू लागले. "डावीकडे! कपड्यांत अडकतेय! अरे डावीकडे म्हणजे तुझ्या नाही, माझ्या!"

चौथ्या मजल्यावरचा नवरा वाकून बघत होता. "अबू वज्दी, काय वर चढवताय? बकरा?"

"फ्रीजला खाऊ!" तौफीक ओरडले.

फ्रीज तळमजल्याच्या विजेवर गारेगार चालू लागला. तिसऱ्या मजल्यावरचा ब्रेकर जागचा हलला नाही. वज्दीला वाटलं, जिंकलो. दुसरं कार्ड ठेवायचं, आज रात्रीच झुहैरला कळवायचं. त्याने गाडी काढली, तौफीक शेजारी बसले, आणि दहा मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला.

"पुरे रे. गरगरतंय मला."

"आता? आता तर लोण्यासारखं चाललंय!"

"चाललंय ना. मग चालव की." ते उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

वज्दीचा चेहरा पडला. त्याला राग आला, कार्डाचा, झुहैरचा, आणि थोडा वडिलांचाही. तो कॉफी करायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. मागोमाग रुदैना परात घेऊन आली आणि तिने पाठीने दार लोटलं.

"कार्ड उद्या देऊन टाक," वज्दी फणकाऱ्याने म्हणाला. "काही उपयोग नाही."

"हळू बोल. मी खाली बसले होते ना, मला टेबलाखालचं दिसत होतं. तू त्यांचा पाय पाहिलास का?"

"पाय?"

"उजवा. तू वळणावर आलास की त्यांचा पाय जमिनीवर दाबला जातो. पुढे गाडी आली की पुन्हा. फरशीवर ब्रेक मारतायत ते, वज्दी. इतक्या जोरात की सपातेचं टोक झिजलंय. आणि फरशीला काही ब्रेक नाही, म्हणून दरवेळी आपण आपटणार असं त्यांना वाटतं. गरगरेल नाही तर काय?"

वज्दीच्या हातात गॅसवरच्या कॉफीच्या रकवेची दांडी तशीच राहिली. लांब दांड्याची ती छोटी किटली उकळून उतू गेली तरी त्याला कळलं नाही.

"माझे बाबा बत्तीस वर्षांत कधी दुसऱ्याच्या शेजारी बसले नाहीत," तो हळूच म्हणाला. "मामाच्या गाडीतसुद्धा नाही. पायी जायचे, पण बसायचे नाहीत."

"आणि चालवायला घेतलं तेव्हा माझा दिवटा भाऊ हसला."

"मी पण हसलो होतो."

"हो," रुदैना म्हणाली. "मी पण."

वज्दीला स्वतःची लाज वाटली. दोन महिने तो वडिलांचे डोळे तपासत होता, पडदे आणत होता, वीज मोजत होता. आणि दुखणं होतं त्यांच्या उजव्या पायात, आपल्या हसण्यामुळे बसलेलं. त्याने गॅस बंद केला.

"कार्ड परत द्यायचं नाही," तो म्हणाला. "दुसरं कार्ड घ्यायचं. फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये लावायचं नाही."

माळ्यावर त्याचा जुना कॉम्प्युटर होता. त्याचं कार्ड जळालं तेव्हापासून तो धूळ खात पडला होता. बाकी सगळं शाबूत. जुनं स्टीअरिंगही होतं, जरा खरखरणारं, पण नव्यापेक्षा जड. रुदैनाच्या सगळं ध्यानात आलं. मग तिच्या चेहऱ्यावर शाळेतल्या पोरांना चकवताना येतो तसा भाव आला.

"सरळ दिलंस तर ते घेणार नाहीत," ती म्हणाली. "माझ्यावर सोड."

बाल्कनीत तिने सासऱ्यांच्या हातात कॉफी दिली आणि उसासा टाकला. "अम्मो, एक पंचाईत झालीय. ही दोन कार्डं आमच्या पाच अँपिअरात मावत नाहीत. रोज काय फ्रीजला टोपलीतून जेवण द्यायचं? आणि दुकानदार परत घेत नाही."

"घेत नाही म्हणजे? कोण तो, मी बघतो त्याच्याकडे."

"नको नको," वज्दी घाईघाईने म्हणाला. झुहैरला फुकट मार बसायचा.

"माळ्यावरच्या जुन्या यंत्रात घालून ठेवू म्हटलं," रुदैना पुढे म्हणाली, "पण समुद्राच्या खाऱ्या हवेने आतलं सगळं गंजतं. रोज तासभर चालू ठेवावं लागतं. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुमच्याकडे ठेवलं तर?"

तौफीकनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चालू ठेवायचं म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. असंच. ट्रक वगैरे उभा असेल तर थोडा हलवायचा, म्हणजे कार्ड गरम राहतं. आणि दार लावून ठेवायचं."

"दार कशाला?"

"खारी हवा," रुदैना निर्विकारपणे म्हणाली.

सहाला लिफ्ट चालू झाल्यावर कॉम्प्युटर, एक पडदा, स्टीअरिंग आणि तौफीक एकत्रच खाली गेले. कार्ड मात्र तौफीकनी लिफ्टमध्ये नेऊ दिलं नाही. लिफ्ट मधेच अडकली तर महागाची वस्तू आत राहील म्हणे. ते टॉवेलमध्ये गुंडाळून टोपलीतून उतरलं, आणि त्यांनी ते खाली दोन्ही हातांनी झेललं. फ्रीजची वायर काढली आणि त्याच वाटेने दोन्ही कॉम्प्युटरांचा खेळ जोडणारी एक बारीक वायर वरून खाली सोडली. "ही कशाला?" त्यांनी विचारलं. "असू दे," वज्दी म्हणाला, "दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळखतात."

सोमवारी तो पैसे द्यायला गेला तेव्हा झुहैर चाट पडला. "म्हणजे ठेवलंस? किती वाढला वेग?"

"वेग तीन मजले खाली गेला," वज्दी म्हणाला. झुहैरला काही कळलं नाही, पण पैसे पूर्ण होते म्हणून त्याने जास्त चौकशी केली नाही.

पुढचे दहा दिवस वज्दीने मोठ्या कष्टाने तोंड बंद ठेवलं. दुकानातून येताना तो तळमजल्यावर थांबे. प्लास्टिकची खुर्ची रिकामी असे आणि दार बंद. आतून खरखर ऐकू येई, मधेच एक धाड्, आणि मग तौफीकच्या आवाजात अशी काही शिवी की ती कुवेतच्या रस्त्यावरच शिकलेली असणार. वज्दी पाय न वाजवता वर जाई. पाचव्या दिवशी त्याने दार ठोठावलं तर वडील गुळगुळीत दाढी करून उभे होते.

"काय करत होता, बाबा?"

"रेडिओ ऐकत होतो. ते तुझं यंत्र चालू आहे कोपऱ्यात. मी बघतसुद्धा नाही तिकडे."

कोपऱ्यात स्टीअरिंगच्या वर त्यांची जपमाळ लटकत होती, ट्रकच्या आरशाला लटकायची तशी. खुर्चीवर जुन्या ट्रकातली मण्यांची गादी आली होती. वज्दीने काहीच पाहिलं नाही असं दाखवलं.

आठव्या दिवशी तर इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदा तळमजल्याचाच ब्रेकर पडला. तौफीकनी खेळाच्या नादात किटली लावली होती. टक्क आवाज झाला आणि जिन्यातून चौथ्या मजल्यावरच्या नवऱ्याचा आनंदाने फाटलेला आवाज आला, "अबू वज्दी! इस्त्री का केस वाळवायचं यंत्र?" त्याच्या पाठोपाठ त्याच्या बायकोचं हसू आलं. दोघं एका बाजूने बोलतायत असं शेजाऱ्यांनी बऱ्याच महिन्यांनी ऐकलं.

अकराव्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वज्दी साडेचारलाच घरी आला. रुदैना जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होती. त्याने एकट्यानेच गाडी काढली. स्पेनमधला सरळ रस्ता, मागे टाइल्स भरलेल्या. एका कार्डाचं चित्र पुन्हा जरा जरा अडखळत होतं, पण आता त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

पाच वाजत आले असतील. डाव्या आरशात एक ट्रक दिसला. लांब होता, मग जवळ आला. हावरटासारखा मागे चिकटला नाही, नीट अंतर ठेवून राहिला. वळण संपलं, पुढचा रस्ता मोकळा दिसला, तेव्हाच त्याने डावा दिवा लुकलुकवला. मग ओळ सोडून शेजारी आला, एका रेषेत, न डगमगता, आणि वज्दीच्या पुढे पूर्ण निघून गेल्यावरच, पुरेसं अंतर सोडून, परत आपल्या ओळीत शिरला. इतकं स्वच्छ ओव्हरटेक या खेळात वज्दीने कधी पाहिलं नव्हतं. तो मनात म्हणाला, हा कोण बाबा?

तेवढ्यात पुढच्या ट्रकने हॉर्न दिला. दोन आखूड आणि एक लांब.

वज्दीने गाडी कडेला घेऊन उभी केली. हात स्टीअरिंगवरून निघेनात. पुढचा ट्रक दिवे लावून निघून चालला होता, आणि जिन्याच्या बाजूने, तीन मजल्यांखालून, खरा आवाज वर आला, "आरसा! आरसा कोण बघणार?"

वज्दी उठला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने पातेलं काढलं, लोण्यात मूठभर शेवया टाकल्या आणि त्या तांबूस व्हायला लागल्या तसे तांदूळ धुवायला घेतले. वासाने रुदैना हातात लाल पेन घेऊनच आली.

"भात? आत्ता? अजून पाचच वाजलेत."

"टाकायलाच हवा," वज्दी डोळे पुसत म्हणाला. "बाबा कोपऱ्यावर आलेत."